चिलखत, तेही बिकिनीचं!

गेम सुरू व्हायच्या आधी एक स्क्रीन येतो, आपला गडी निवडण्याचा. पहिला येतो तो योद्धा. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर परातीएवढे पत्रे, गळ्यापासून घोट्यापर्यंत नुसतं पोलाद. एकदम फुल बंदोबस्त! मग येते रणरागिणी. तिच्या अंगावरही पोलादच असतं, फक्त ते रुमालाएवढ्या दोन तुकड्यांत संपतं. पोट उघडं, मांड्या उघड्या आणि पायात हाय हील्स. ड्रॅगन दोघांनाही तोच, आगही तीच. लोहाराकडचा पत्राच संपला होता की काय, देव जाणे!

हा काही माझा शोध नव्हे. गेमर मंडळींमध्ये 'बिकिनी आर्मर' हा जुना जोक आहे. आणि ज्या चिलखतात छाती झाकलेली असते तिथेही गंमत असते. खऱ्या चिलखताचा पुढचा पत्रा मुद्दाम घुमटासारखा फुगीर ठेवत, म्हणजे भाल्याचं टोक बाजूला घसरून जावं. त्याला दोन वाट्या ठोकल्या, की तेच टोक घसरत मधल्या खाचेत येणार. बरोबर छातीच्या हाडावर! म्हणजे जे कवच जीव वाचवायला घातलं, तेच मरणाचा पत्ता दाखवतं. आता बोला.

तर आज विषय गेममधल्या बायकांचा. पण आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकते. मी संस्कृतिरक्षक वगैरे नाही. कुणी किती कपडे घालावेत याचे नियम सांगणाऱ्या काका-काकूंची आपल्याकडे मुळीच टंचाई नाही, त्यात माझी भर नको. बंदी घाला, असंही माझं म्हणणं नाही. मला फक्त एकच प्रश्न पडतो : हे कपडे नक्की कुणासाठी आहेत? जी ते घालून लढतेय तिच्यासाठी, की कंट्रोलर हातात घेऊन सोफ्यावर बसलेल्यासाठी?

उदाहरण घ्या. १९८६ साली निन्टेन्डोचा 'मेट्रॉइड' आला. अवकाशातला शिकारी सॅमस आरन, अंगभर यांत्रिक सूट, तोंड हेल्मेटच्या आड. इंग्रजी माहितीपुस्तकातसुद्धा सॅमसचा उल्लेख 'तो' असाच. पाच तासांच्या आत गेम संपवला, की शेवटी हेल्मेट उतरायचं आणि कळायचं, अरे, ही तर बाई आहे! केवढा सही धक्का! इथेच थांबले असते तर? पण नाही. तीन तासांच्या आत संपवलात तर सूटच उतरणार. तासाभरात संपवलात तर सॅमस थेट बिकिनीत! अख्खा गेम जिने एकटीने लढून जिंकला, तिचंच शेवटी बक्षीस करून खेळणाऱ्याच्या हातात दिलं. माझा आक्षेप बिकिनीला नाही बरं का, त्या बक्षिसाला आहे.

दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, लारा क्रॉफ्ट आली. इंग्लंडमधल्या डर्बी शहरातला कोअर डिझाइन स्टुडिओ आणि टोबी गार्ड नावाचा डिझायनर. 'टूम रेडर'मधली लारा म्हणजे शिकलेली, श्रीमंत, एकटी भटकणारी बाई. लांडगे अंगावर आले तरी न डगमगणारी. गेम खेळताना ती आपल्याला पाठमोरी दिसते, म्हणजे आपण तिच्याबरोबर तिच्याच वाटेकडे बघत असतो. पण जाहिरातींत तिचं तोंड आपल्याकडे फिरवलं गेलं आणि लारा पिनअप गर्ल झाली. १९९७ मध्ये 'द फेस' या ब्रिटिश मॅगझिनच्या कव्हरवर झळकली. लारासारखे कपडे घातलेल्या खऱ्याखुऱ्या मॉडेल्स प्रमोशनला उभ्या केल्या गेल्या. मग तिचे कपडे उतरवणारा 'न्यूड रेडर' पॅच इंटरनेटवर फिरायला लागला आणि कंपनीवर वकिलांच्या नोटिसा धाडायची वेळ आली. टोबी गार्ड तर १९९७ मध्येच बाहेर पडला. त्याला ही मार्केटिंगची दिशा पटत नव्हती.

बघा, लारा तीच. एका फ्रेममध्ये ती काम करतेय आणि दुसऱ्या फ्रेममध्ये तिला फक्त बघायचंय. सगळी गोम या दोन फ्रेममध्ये आहे.

आणि मग येतात लॉजिकवाले! २०१५ च्या 'मेटल गिअर सॉलिड ५'मध्ये क्वाएट नावाची स्नायपर आहे. अफगाणिस्तानातल्या युद्धात बंदूक घेऊन फिरते, अंगात बिकिनी टॉप आणि फाटक्या स्टॉकिंग्ज. का? तर ती म्हणे त्वचेतून श्वास घेते! कपडे घातले तर गुदमरेल बिचारी. हिदेओ कोजिमा हा या सिरीजचा कर्ताधर्ता. कारण कळलं की टीका करणाऱ्यांना आपल्याच शब्दांची लाज वाटेल, असं त्याने आधीच, २०१३ मध्ये, सुनावलं होतं. गंमत अशी, की याच सिरीजच्या २००४ मधल्या तिसऱ्या भागात 'द एन्ड' नावाचे एक शंभरी पार केलेले स्नायपर आजोबा आहेत. तेही झाडांसारखे सूर्यप्रकाशावर जगतात. पण आजोबा मात्र नखशिखान्त युनिफॉर्ममध्ये! त्यांना नाही कुणी बिकिनीत बसवलं. म्हणजे आधी कपडे काढायचं ठरलं आणि शास्त्र मागाहून आलं.

"मग काय सगळ्यांना नऊवारी नेसवायची का?" ऑफिसमध्ये चहाच्या वेळी हा प्रश्न हमखास येतो. नाही रे बाबा. २०१६ मध्ये 'ओव्हरवॉच' गेममधल्या ट्रेसरच्या एका पोजवरून वाद झाला होता. ट्रेसर म्हणजे चळवळी, फटाकडी, खोडकर मुलगी. पण एका विजयी पोजमध्ये ती पाठमोरी उभी राहून नुसती मागे वळून बघत होती आणि सगळा फोकस तिच्या घट्ट पॅण्टवर. एका चाहत्याने लिहिलं, ही पोज तिच्या स्वभावात बसत नाही. ब्लिझार्ड कंपनीने पोज बदलली. नवी पोज कशी? जुन्या अमेरिकन पिनअप चित्रांची आठवण करून देणारी! पॅण्ट तीच, तितकीच घट्ट. पण आता तिच्यात मस्ती होती, आणि ती तिची स्वतःची वाटत होती.

किंवा २००९ ची बेयोनेटा घ्या. तिचा पोशाख म्हणजे तिचेच केस, आणि लढाई जोरात आली की तेही अंगावरून उडतात. तिला डिझाइन केलं मारी शिमाझाकी या बाईने. काहींना बेयोनेटा अजिबात झेपत नाही, तर काही बायकांची ती फेव्हरिट आहे. का? तर तिथे शो तिचा आहे, कुणी तिला चोरून बघत नाहीये. वाद घालायला जागा आहे, जरूर घाला. पण मापाची टेप घेऊन हा वाद मिटणार नाही, एवढं मात्र नक्की.

दुसरा हमखास प्रश्न : "पुरुषांनाही सिक्स पॅक दाखवतात की!" दाखवतात ना. पण ते दंड बघून तुला काय वाटतं? 'आपण असे असतो तर!' असंच ना? तो पुरुषाने पुरुषासाठी रंगवलेला पुरुष आहे. मारामारीच्या ऐन मध्यात कॅमेरा त्याच्या मांड्यांवर रेंगाळत नाही. तो रेंगाळायला लागला, की मग बोलू.

बरं, सगळंच वाईट चाललंय असंही नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी ३१ वर्षांतल्या, म्हणजे १९८३ ते २०१४ या काळातल्या, ५७१ खेळता येण्याजोग्या स्त्री-पात्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की हा उघडेपणा १९९० च्या दशकात कळसाला होता आणि नंतर तो कमी होत गेला. २०१३ मध्ये लारा नव्याने आली ती चिखलाने माखलेली, साध्या पॅण्टमधली. त्या गेमची मुख्य लेखिका होती ऱ्हियाना प्रॅचेट. गेम एक कोटीच्या वर खपला! २०१७ च्या 'होरायझन झीरो डॉन'ची एलॉय म्हणजे कातडं आणि फर पांघरलेली शिकारीण. तो गेम २०२१ पर्यंत दोन कोटींच्या वर गेला. त्यामुळे 'बिकिनी नसेल तर विकणार कसं?' हा मार्केटिंगचा फंडा कधीच बाद झालाय.

तरीही हा विषय 'गेमच तर आहे गं' म्हणून सोडून देता येत नाही. कारण डोळ्यांना एकदा लागलेली सवय स्क्रीन बंद केल्यावर जात नाही. २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' आला. त्यातली अॅबी पिळदार दंडांची आहे, रुंद खांद्यांची आहे, आणि कथेत ती लोकांच्या लाडक्या हिरोचा जीव घेते. लोकांचा राग समजू शकतो. पण आधी तिच्या दंडांवरच तोंडसुख घेतलं गेलं. बाईचे असे दंड असतात का, वगैरे. खरं तर ते शरीर एका खऱ्या महिला अॅथलीटवरून घेतलं होतं! मग अॅबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तिने फक्त आपलं काम केलं होतं. त्याआधी अनिता सार्कीसियनने गेममधल्या स्त्रियांवर व्हिडिओंची मालिका केली, तर २०१४ मध्ये युटामधल्या विद्यापीठातलं भाषण तिला गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द करावं लागलं. तिने काही कुणाचा गेम हिसकावून घेतला नव्हता, नुसतं बोट दाखवलं होतं.

एवढं लांब तरी कशाला जायचं? रात्री जेवणं आटोपली की मी मोबाइलवर स्क्वाडमध्ये खेळते. नाव असं घेतलंय, की मुलगा की मुलगी ते कळूच नये. माइक बंद. कारण माइक सुरू केला की काय होतं ते पाठ झालंय. आधी दोन सेकंद शांतता. मग, "अरे, लडकी है क्या?" मग इन्स्टा आयडीची मागणी. नाही दिला तर शिव्या. आणि चुकून आपण चार जणांना उडवलं, तर "बॉयफ्रेंड खेल रहा होगा"! माझ्या ओळखीतल्या खेळणाऱ्या मुलींना विचारलं, तर प्रत्येकीकडे याचीच एकेक आवृत्ती आहे. आता या गेममध्ये शत्रू कुठून येतोय हे ओरडून सांगणं हाच अर्धा खेळ असतो. माइक बंद ठेवून खेळायचं म्हणजे एक हात मागे बांधून खेळायचं. बाई म्हणजे शेवटी मिळणारं बक्षीस, हे पडद्यावर वर्षानुवर्षं बघितलेल्या मुलाला टीममधली बाई टीममेट वाटेल कशी? आणि हाच मुलगा उद्या सकाळी कुठल्या तरी ऑफिसात, कुणाच्या तरी शेजारच्या डेस्कवर बसणार असतो.

म्हणून मला आपल्या पुण्याच्या राजीचं भारी कौतुक आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा गेम आणला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी पोरगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गेने दिलेला त्रिशूळ तिच्या हातात आहे. ती भिंतीवर धावते, खांबांभोवती गिरक्या घेते, कारण ते तिचं पोटापाण्याचं काम आहे. कॅमेरा लांब, उंचावर. अख्खा गेम संपतो, पण राजी 'दिसते कशी' हा प्रश्न डोक्यात येत नाही. ती आता कुठे उडी मारेल, एवढंच बघत बसतो आपण. त्या वर्षीच्या गेम अॅवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम इंडी गेमसाठी राजीला नॉमिनेशनही मिळालं होतं. आणि हे सगळं आपल्या पुण्यात झालंय, बॉस!

तेव्हा पुढच्या वेळी एखादी नायिका समोर आली, की तीन गोष्टी बघा. एक, तिचे कपडे तिच्या कामाचे आहेत का? दोन, कॅमेरा तिच्या नजरेने बघतोय की तिच्याकडे? आणि तीन, तीच जागा एखाद्या दाढीवाल्या हिरोला दिली, तर हसू येईल का? तिसऱ्या प्रश्नाला हसू आलं, तर उत्तर मिळालं समजा.

आणि हो, पैशांचं विसरू नका. आजकाल गेम फुकट असतो आणि पोशाख विकत. आपल्या पगारातले तीनशे-चारशे रुपये कुठल्या स्किनवर जातात, याचा हिशेब कंपनी आपल्यापेक्षा नीट ठेवते. उद्याची नायिका कशी असावी, हे त्याच हिशेबावरून ठरतं. तेव्हा 'बाय' दाबायच्या आधी तीन सेकंद थांबा. आणि स्क्वाडमध्ये एखादा मुलीचा आवाज ऐकू आला, तर फक्त एवढंच विचारा, "शत्रू कुठल्या बाजूला आहे?" ती बरोबर सांगेल. तुमचीच मॅच जिंकेल!