लांबचे लेकरू, जवळची रांग

जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका भारतीय दांपत्याची याचिका फेटाळली. त्यांना नात्यातले एक मूल दत्तक घ्यायचे होते. मूल 2019 साली अमेरिकेत जन्मलेले, त्याचे जन्मदाते भारतीयच, आणि काही महिन्यांचे असल्यापासून ते याच दांपत्याच्या घरात वाढत होते. अडचण एवढीच होती की जन्माने ते अमेरिकन नागरिक ठरले होते. असे मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क भारतीय नागरिकाला नाही, आधी अमेरिकेच्या कायद्याने तिकडे दत्तकविधान पुरे करा आणि मग इकडची पावले टाका, असे न्यायालयाने सांगितले. निकालाचा कुणाच्या धर्माशी संबंध नव्हता, तरी मीरा-भाईंदरच्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो मन लावून वाचावा असा आहे. उत्तन, पाली, चौक, डोंगरीच्या गावठाणांत आणि मीरा रोडच्या इमारतींत अशी घरे पुष्कळ आहेत, ज्यांचे कुणी ना कुणी आखातात, कॅनडात नाही तर न्यूझीलंडात आहे. बहिणीचे तिकडचे मूल आपल्याकडे आणावे, किंवा दूरच्या एखाद्या गरीब देशातले अनाथ बाळ ख्रिस्ताच्या नावाने पदरात घ्यावे, हा विचार अशा घरात सहज येऊ शकतो. तो आला की दोन सूर निघतात. श्रद्धेला सीमा नसते, सरकारने आड येण्याचे कारण काय, असे एक म्हणतो. आपल्या दारची पोरे टाकून परदेशची कशाला, असे दुसरा म्हणतो. मला दोन्ही सूर बेसूर वाटतात. परदेशातल्या मुलाच्या वाटेवर कायद्याने उभे केलेले फाटक योग्य आहे, आणि ख्रिस्ती माणसाला ते आपल्या श्रद्धेच्या आधारेच मान्य करता येते, असे मला म्हणायचे आहे.

त्याआधी एक जुना गैरसमज निकालात काढायला हवा. ख्रिश्चनांना कायद्याने मूल दत्तक घेताच येत नाही, फार तर पालक म्हणून नाव लावता येते, असे आजही अनेक जण खात्रीने सांगतात. हे एके काळी खरे होते. 1956 चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी यांच्या वाट्याला 1890 चा पालक व पाल्य कायदा येई. त्यात मूल सज्ञान झाले की पालकत्व संपे, आणि वारसाहक्क तर मुळातच नसे. सर्वांना लागू होईल असे दत्तक विधेयक 1972 मध्ये संसदेत आले, विरोधामुळे मागे पडले. 1980 चेही तसेच विरले. वाट काढली ती न्यायालयांनी आणि बाल न्याय कायद्याने. 2000 साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेर्डिनो रिबेलो यांनी एका ख्रिस्ती दांपत्याच्या अर्जावर निर्णय देताना प्रश्नच उलटा मांडला. पालकाच्या धर्मात दत्तक आहे का, एवढ्यावर ते थांबले नाहीत. सोडून दिलेल्या मुलाला घर, नाव आणि कुटुंब मिळण्याचा हक्क त्याच्या जगण्याच्या हक्कातच येतो, असे त्यांनी म्हटले. पुढे बाल न्याय कायद्याने धर्माची अट न घालता सर्वांना दत्तकाचे दार उघडले, आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच निकालात न्यायालयाने दत्तक घेण्याला मूलभूत हक्काचा दर्जा मात्र दिला नाही. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की दिसते, हक्काचा धनी मूल आहे आणि मोठी माणसे उमेदवार आहेत.

आता पहिला सूर. याकोबाच्या पत्रात अनाथांचा आणि विधवांचा समाचार घेणे हे निर्मळ धर्माचे लक्षण सांगितले आहे, तेव्हा अनाथ कुठल्या देशाचा हे विचारायचे कशाला, असा हा युक्तिवाद. अमेरिकेत या भावनेची मोठी चळवळ झाली. सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी 2009 मध्ये दत्तकाच्या पाठपुराव्याचा ठरावच केला. पुढच्याच वर्षी जानेवारीत हैतीत भूकंप झाला आणि आयडाहोहून गेलेल्या बॅप्टिस्ट गटातले दहा जण 33 मुलांना घेऊन सीमा ओलांडताना पकडले गेले. चौकशीत निघाले ते असे की यातल्या बहुतेक मुलांचे आईबाप हयात होते. त्या दहा जणांच्या मनात पाप होते असे मी म्हणत नाही. मनात पुण्य असूनही हे घडले, ही खरी धास्तीची गोष्ट आहे. ज्याला अनाथ शोधायचाच आहे त्याला गरिबाचे प्रत्येक पोर अनाथ दिसू लागते. बायबल नीट वाचणाऱ्याला हे नवे वाटू नये. परक्या घरात दत्तक गेलेले सर्वांत प्रसिद्ध बाळ म्हणजे मोशे. फारोच्या मुलीला तो लव्हाळ्याच्या पेटाऱ्यात सापडला. पण तो अनाथ नव्हता, त्याची आई जिवंत होती आणि बहीण काठावर उभी राहून पाहत होती. पेटारा दिसला की आधी काठाकडे पाहावे, हे काम आजच्या काळात बाल कल्याण समिती करते. ते काम जिथे झाले नाही तिथे बाजार उभा राहिला. इथिओपियाने 2018 मध्ये आपली मुले परदेशी दत्तक देणे बंद केले, चीनने 2024 मध्ये. अमेरिकेत 2004 साली परदेशातून सुमारे 23 हजार मुले दत्तक आली होती. 2023 मध्ये तो आकडा तेराशेच्याही खाली गेला. आणि आपण यात केवळ प्रेक्षक नव्हतो. भारतातली बाळे परदेशी पाठवण्यातल्या गैरप्रकारांबद्दल वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी लिहिलेल्या पत्राचीच सर्वोच्च न्यायालयाने याचिका केली, आणि न्यायमूर्ती भगवती यांनी फेब्रुवारी 1984 मध्ये दिलेल्या निकालातून आजच्या सगळ्या नियमांचा पाया घातला गेला. ज्या देशाची लेकरे अशी गेली, त्या देशातल्या माणसाने दुसऱ्या गरीब देशाच्या दाराशी जाताना दोनदा नव्हे, दहादा विचार करावा.

1993 च्या हेग कराराने याच अनुभवावर नियम बेतला, आणि भारताने तो 2003 मध्ये स्वीकारला. मुलाला त्याच्या स्वतःच्या देशात घर मिळते का हे आधी पाहायचे. तिथे खरोखर मिळत नसेल तरच परदेशाचा विचार करायचा. कॅथलिक वाचकाला हे तत्त्व ओळखीचे वाटायला हवे. पोप पायस अकरावे यांनी 1931 च्या आपल्या परिपत्रकात समाजव्यवस्थेसाठी नेमके हेच सांगितले होते, की जवळच्या आणि लहान घटकाला जे जमते ते लांबच्या आणि मोठ्या घटकाने हिसकावून घेऊ नये. कामगार आणि राज्यसंस्था यांच्याबद्दलच्या चर्चेत आपली मंडळी या तत्त्वाचा हवाला देतात. मुलाच्या बाबतीत मात्र कायदा तेच बोलला की त्याला अडवणूक म्हणतात.

दुसरा सूर देशी आहे, म्हणून लगेच खरा ठरत नाही. इथे इतकी अनाथ पोरे पडली आहेत, असे म्हणणाऱ्याने कधी ‘कारा’ची, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची, यादी पाहिलेली नसते. कायद्याने दत्तकासाठी मोकळी ठरलेली मुले देशभरात दोन-अडीच हजारांच्या आसपास, आणि नोंदणी करून थांबलेले पालक तीस हजारांहून अधिक. निरोगी तान्ह्या बाळासाठी तीन वर्षांहून जास्त वाट पाहावी लागते. परदेशातल्या मुलाची ओढ पुष्कळदा या रांगेच्या कंटाळ्यातून जन्मते, पाचारणातून नव्हे. मात्र त्याच यादीत दुसरीही एक रांग आहे. सहा-सात वर्षांची मुले, एकमेकांना न सोडणारी भावंडे, हृदयाला छिद्र असलेली, ऐकू न येणारी, चालता न येणारी. 2024-25 मध्ये देशात एकूण 4,515 दत्तकविधाने झाली, त्यांतली 4,155 देशातल्या देशात. उरलेल्या मुलांनी परदेशाची वाट धरली, आणि अशा परदेशी जाणाऱ्यांत याच दुसऱ्या रांगेतल्यांचा भरणा असतो. म्हणजे आपल्याकडे ज्यांना कुणी विचारत नाही ती मुले युरोप-अमेरिकेतल्या घरांत जातात, आणि आपण तान्ह्या बाळासाठी जगाच्या नकाशावर बोट फिरवत बसतो. अनाथाचा समाचार घ्यायचाच असेल तर याकोबाचा रोख कोणत्या रांगेकडे असता, हे सांगायला धर्मपंडित लागत नाही. शिवाय या रांगेत वेळही कमी लागतो. नियमानुसार आठ वर्षांवरच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 110 पर्यंत चालते. दोन वर्षांखालच्या बाळासाठी ती 85 च्या पुढे चालत नाही. पन्नाशीला टेकलेल्या ज्या जोडप्यांना आपले दार बंद झाले असे वाटते, त्यांचे दार कायद्याने उघडेच ठेवले आहे.

तिसरा आक्षेप बाहेरून येतो आणि तो सरळ असतो, की ख्रिस्ती लोक मुले घेतात ती बाटवायला. हा आक्षेप हसून उडवण्याजोगा नाही, कारण त्याला इतिहास आहे. 1559 मध्ये पोर्तुगालच्या राजाने अनाथ हिंदू मुले गोव्यातल्या सेंट पॉल विद्यालयाच्या हवाली करण्याचा हुकूम काढला होता, आणि त्याच पोर्तुगीज सत्तेचा झेंडा 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत मीरा-भाईंदरमधल्या धारावी किल्ल्यावर होता. दुष्काळातल्या मिशनच्या अनाथालयांवरून महाराष्ट्रात झालेले वाद तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातले. पण आज आक्षेप घेणारा हे विसरतो की ते सारे तेव्हा घडले जेव्हा मूल आणि मिशन यांच्यामध्ये तिसरे कुणी नव्हते. आता मूल मोकळे ठरवते बाल कल्याण समिती, जोडी लावते राष्ट्रीय यादी, घर तपासते समाजसेविका, आणि आदेश काढण्याचे अधिकार 2021 च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले. पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घ्यावी लागते. अर्ज करणाऱ्याला धर्म पाहून मूल निवडता येत नाही. दत्तक आलेले तान्हे बाळ घरच्यांबरोबर मिस्साला जाईल, जसे दुसऱ्या घरचे आरतीला उभे राहील. त्याला बाटवणे म्हणायचे तर प्रत्येक बारसेही बाटवणेच ठरेल. मोठ्या मुलाची गोष्ट निराळी. बालहक्क कराराच्या विसाव्या कलमात मुलाच्या धार्मिक आणि भाषिक पार्श्वभूमीची बूज राखायला सांगितले आहे, आणि ते आई-बापांनी मनापासून पाळावे. आठ वर्षांच्या मुलीला गणपती आठवत असेल तर तो आठवू द्यावा. आपल्या बाजूनेही एक चूक झाली आहे, ती मान्य करावी. 2015 मध्ये एकट्या आणि घटस्फोटित व्यक्तींना मूल देण्याचे नियम आले, तेव्हा मिशनरीज ऑफ चॅरिटीने दत्तकाचे कामच सोडले. त्यांच्या सदसद्विवेकाचा मान राखूनही म्हणावेसे वाटते की तिथे मोठ्या माणसांच्या चारित्र्याची मोजदाद झाली आणि पाळण्यातल्याचे एक दार बंद झाले.

चौथा आक्षेप घरातल्या घरात, हलक्या आवाजात घेतला जातो. पोसलेले पोर उद्या वाडीत हिस्सा मागेल. उत्तन-गोराई पट्ट्यात जमिनीला आलेला भाव पाहता या कुजबुजीत जोर आहे, आणि परदेशातले मूल काही जणांना सोयीचे वाटते त्यामागेही, मला शंका येते, हेच गणित असावे. लांबून आलेल्याला सातबारा काय कळणार! तर हो, मागेल. बाल न्याय कायद्याने दत्तक मुलाला पोटच्या मुलाचे सगळे हक्क दिले आहेत, आणि जुन्या कुटुंबाशी असलेले त्याचे नाते आदेशाच्या दिवसापासून तोडले आहे. हे ऐकून ज्याला धक्का बसतो त्याने संत पौलाची पत्रे उघडावीत. देव माणसाला दत्तक घेतो असे पौल जिथे लिहितो, तिथे त्याच्या डोळ्यांसमोर रोमन कायदा आहे. त्या कायद्यात दत्तक म्हणजे जुने नाते संपणे आणि नव्या घरचा पुरता वारस होणे. पौल वारसाचा उल्लेख करतो तो याच अर्थाने. स्वतःसाठी स्वर्गाच्या राज्यात पुरता वाटा मागायचा आणि पोराला डोंगरीच्या वाडीत अर्धाही द्यायचा नाही, हा हिशेब कुठल्या पत्रात बसतो ते मला माहीत नाही.

राहता राहिले नात्यातले परदेशी मूल, आणि इथे मी कायद्याची बाजू पूर्ण घेणार नाही. फाटक हवे, पण ते उघडणारा माणूसही हवा. आजच्या नियमांप्रमाणे परदेशी मुलाचे दत्तकविधान आधी त्याच्या देशात पुरे करावे लागते. मग हेग करारातली ‘कारा’ची मंजुरी, मग भारतीय वकिलातीतून व्हिसा, गृहमंत्रालयाची परवानगी. नागरिकत्वाचा 1955 चा कायदा जन्म, वंश, नोंदणी असे मार्ग सांगतो, पण दत्तक झाले म्हणून मूल आपोआप भारतीय होते असे म्हणत नाही. अनोळखी देशातल्या अनोळखी बाळासाठी इतके अडथळे शहाणपणाचे आहेत; प्रत्येक अडथळ्यामागे कुठल्या ना कुठल्या हैतीचा धडा आहे. मात्र जे मूल काही महिन्यांचे असल्यापासून इथेच वाढले, ज्याची जन्मदाती आई कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिची ना नाही, त्याच्या बाबतीत कुणाचा बाजार रोखायचा आहे? न्यायालयाने कायदा वाचला तसा सांगितला. त्याने दुसरे काही करायला हवे होते असे मला म्हणता येत नाही. बदल नियमांत व्हायला हवा. जन्मदात्यांच्या संमतीने आणि इथल्या समाजसेवी चौकशीने, नात्यातल्या अशा मुलाचे दत्तकविधान भारतातच पुरे करण्याची तरतूद संसदेला करता येईल. तोवर या मुलाची शाळा इथे, मित्र इथे, ज्यांना ते आई-बाबा म्हणते तेही इथे, आणि कागदावर ते दुसऱ्या देशाचे नागरिक.