महिन्याभरात कादंबरी : खूळ की अभ्यास?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

कादंबरी लिहायला किती दिवस लागावेत? हा प्रश्न आमच्या वर्गात विचारला, तर दोन प्रकारची उत्तरे मिळतात. काही जण म्हणतात, 'वर्षानुवर्षे लागतात. त्याला प्रतिभा लागते, अनुभव लागतो, आपले ते काम नव्हे.' बाकीचे म्हणतात, 'लागायचे तेवढे लागोत, आपल्याला परीक्षेत फक्त त्यातली पात्रे लिहायची आहेत.' वरवर ही दोन उत्तरे निराळी दिसली, तरी त्यांचा अर्थ एकच होतो. कादंबरी लिहिणारे कोणी दुसरे असतात आणि आपण वाचणारे, किंवा न वाचता पास होणारे.

गेल्या मे महिन्यात आम्ही पाच मित्रमैत्रिणींनी हे उत्तर तपासून पाहायचे ठरवले. १ तारखेपासून ३१ तारखेपर्यंत प्रत्येकाने एक कादंबरी लिहायची, रोज ठरलेली पाने भरायची आणि दर रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जमून एकमेकांना वाचून दाखवायची, एवढेच नियम होते. ही बातमी कॉलेजात पसरल्यावर थट्टा झाली, ती व्हायचीच. 'कादंबरी म्हणजे काय लालबागचा चिवडा आहे, घाणा काढला की पिशव्या भरायला?' असे एकाने विचारले. प्रश्न विनोदाचा असला तरी त्यातला आक्षेप खरा आहे. म्हणून त्याचे उत्तर गांभीर्याने द्यावे, असे मला वाटते.

ही कल्पना आमची नाही, हे आधी सांगितले पाहिजे. १९९९ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात क्रिस बेटी नावाच्या तरुणाने वीस मित्र जमवून हा खेळ सुरू केला. महिन्याभरात पन्नास हजार शब्द, म्हणजे रोज सुमारे १६६७ शब्द लिहायचे, असा त्यांचा संकल्प होता. पहिल्या वर्षी एकवीस जण होते. पुढे जगभरातून लाखो माणसे त्यात सामील झाली आणि नोव्हेंबर महिना त्यासाठी ठरून गेला. ती चालवणारी संस्था २०२५ साली बंद झाली. संस्था संपली तरी वही आणि पेन संपत नाहीत, म्हणून आम्ही ती कल्पना उचलली. मात्र जशीच्या तशी नाही.

पहिली अडचण शब्दांची आली. मराठीचा शब्द इंग्रजीच्या शब्दाएवढा नसतो. 'घरातल्यांनासुद्धा' हा आपला एक शब्द, पण इंग्रजीत तेवढेच म्हणायला चार-पाच शब्द खर्चावे लागतात. तेव्हा पन्नास हजारांचा आकडा आपल्याला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवणे झाले. आम्ही शब्द मोजायचे सोडून दिले आणि दोनशे पानी वही हे माप धरले. पानाला वीस-बावीस ओळी, ओळीला सात-आठ शब्द, म्हणजे वही भरली की तीस हजारांच्या आसपास शब्द होतात. रोजची साडेसहा पाने.

आता मुख्य आक्षेपाकडे येते. घाईने लिहिलेले सकस असते का?

मराठी साहित्याचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाचे उत्तर सरळ 'नाही' असे येत नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी सुरुवात केली आणि १३ फेब्रुवारीला लेखन पूर्ण झाले. अवघे पाच दिवस! भालचंद्र नेमाडे यांनी 'कोसला' एका महिन्याच्या आत लिहून काढली. ती १९६३ साली प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. परदेशातले उदाहरण हवे असेल तर दोस्तोयेव्हस्कीचे घ्यावे. १८६६ च्या ऑक्टोबरात, प्रकाशकाशी केलेल्या कराराच्या फासात अडकलेल्या या लेखकाने एका लघुलेखिकेला तोंडी सांगून 'जुगारी' ही कादंबरी सव्वीस दिवसांत पुरी केली.

मुदतीचा धाक तर आपल्या साहित्याला नवा नाहीच. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. आठवडा उलटला की पुढचा मजकूर हवा. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून कितीतरी मराठी लेखक दिवाळीची तारीख डोळ्यांपुढे ठेवून लिहीत आले. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्या काही स्फूर्तीची वाट पाहत बसून लिहिल्या नसतील.

पण या उदाहरणांवरून 'चला, आपणही पाच दिवसांत श्यामची आई लिहू' असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. गुरुजींनी पुस्तक पाच दिवसांत लिहिले, पण ते तेहतीस वर्षे त्यांच्या आत साचत होते. उलट बाजूने पाहा. ज्या नेमाड्यांनी 'कोसला' झपाट्याने लिहिली, त्यांचीच 'हिंदू' वाचकांच्या हाती येण्यास २०१० साल उजाडावे लागले. एकच लेखक, पण एका पुस्तकाला काही आठवडे आणि दुसऱ्याला काही दशके. म्हणजे वेळ किती लागला, यावरून पुस्तकाची किंमत करता येत नाही. लिहिणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काय साचले आहे, हाच खरा प्रश्न राहतो.

मग एकोणीस वर्षांच्या आमच्याजवळ काय साचले होते? खरे सांगायचे तर, आम्हाला वाटले होते त्यापेक्षा फार कमी. आणि आमच्या नकळत आमच्या घरांत जे साचले होते, ते फार जास्त. महिन्याच्या मुदतीचा सर्वांत मोठा उपयोग मला इथे दिसतो.

माझे उदाहरण देते. पहिले दहा दिवस मी वाचलेल्या पुस्तकांसारखे लिहीत होते. माझ्या नायिकेच्या घरात व्हरांडा होता, अंगणात प्राजक्त होता आणि ती खिडकीशी बसून पावसाकडे बघत असे. मी राहते लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत. खिडकीशी आमची मोरी आहे. बाराव्या दिवसापर्यंत माझा प्राजक्त गळून संपला आणि साडेसहा पाने तर भरायची होती. तेव्हा मी माझ्या आजीला विचारू लागले.

आजी या खोलीत गिरणी कामगारांची खाणावळ चालवत असे, हे मला माहीत होते. पण आपल्याला आपल्या घरातले जेवढे माहीत असते, तेवढेच. किती माणसे जेवत? अठरा. एवढ्याशा जागेत? 'पाळीपाळीनं गं. गिरणीच्या तीन पाळ्या, तशा माझ्याही तीन पाळ्या.' पीठ कुठून आणायचीस, पैसे कधी मिळायचे, कोण बुडवून गेला? मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. मग १८ जानेवारी १९८२ आले. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पगार थांबले तशी जेवणाऱ्यांची उधारी वाढू लागली. काही जण गावी गेले. जे राहिले त्यांना आजीने दहा महिने जेवू घातले आणि त्यासाठी आपल्या पाटल्या विकल्या. हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. माझ्या वडिलांना त्या पाटल्या चोरीला गेल्या एवढेच माहीत होते. मी आजीला म्हटले, 'तू कधी बोलली नाहीस ते?' ती म्हणाली, 'कुणी विचारलं नाही.'

गिरणगावावर कोणी लिहिलेच नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. नारायण सुर्व्यांची कविता आहे, जयंत पवारांचे 'अधांतर' आहे. दीड दिवस शाळेत गेलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी मुंबईत गिरणीत काम केले आणि तिसाहून अधिक कादंबऱ्या लिहून ठेवल्या. खाणावळवाल्या बायांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, तो इतिहासही नोंदला गेला आहे. पण प्रत्येक खोलीचा म्हणून एक इतिहास असतो आणि तो लिहायला बाहेरून कोणी येणार नाही. आमची चाळ पुनर्विकासात जायची आहे. कागदपत्रे झाली आहेत. आजीचे वय पंच्याहत्तरच्या पुढे आहे. 'अनुभव येऊ दे, मग लिही' असे मला सांगणाऱ्यांना माझे नम्रपणे एवढेच विचारणे आहे की, माझा अनुभव येईपर्यंत आजीचा अनुभव थांबणार आहे का?

दुसरा आक्षेप मोजण्याचा. साहित्य काय पानांवर मोजायचे? माझे आजोबा साचेवाले होते. साच्यावरच्या कामगाराला जेवढे कापड निघेल त्यावर पगार मिळे. कापड मोजले जाई म्हणून ते कमी प्रतीचे होई, असे कोणी म्हणत नसे, कारण मोजणे निराळे आणि तपासणे निराळे. विणून झालेला माल पुढे तपासला जाई आणि त्यातला दोष तिथे पकडला जाई. लिहिणाऱ्यानेही ही दोन कामे निराळी ठेवावीत. रोज विणायचे, मोजायचे आणि तपासणी नंतर करायची. आपल्यापैकी बहुतेकांचे लेखन पहिल्या पानावर अडते ते याच कारणाने. एक ओळ लिहिली की आपणच मास्तर होऊन तिच्यावर लाल रेघ मारतो.

तिसरा आक्षेप अगदी आजचा आहे. यंत्राला सांगितले तर ते काही मिनिटांत दोनशे पाने लिहून देते, मग तुम्ही महिनाभर हात का दुखवून घेता? याला उत्तर सोपे आहे. जगाला दोनशे पाने कमी पडली होती म्हणून आम्ही ती लिहिली नाहीत. यंत्राने माझी कादंबरी लिहिली असती, तर प्राजक्त शेवटच्या पानापर्यंत फुललेला राहिला असता आणि मी आजीला काही विचारले नसते.

पण या उपक्रमाच्या बाजूने एवढे बोलल्यावर त्याची एक खोटही सांगितली पाहिजे. 'महिना सर्वांना सारखाच' हे वाक्य खरे नाही. आमच्या पाच जणांत वही पूर्ण झाली ती दोघांची. माझी एक आणि गिरगावच्या एका मित्राची. त्याला घरी स्वतंत्र टेबल आहे. परळची मैत्रीण एकशे चाळीस पानांवर थांबली, कारण घरी पाहुणे आले आणि आल्यागेल्याचे करणे मुलीकडे असते. एकाने दुसऱ्या आठवड्यात सोडून दिले. पाचवा मित्र सुटीत दादरला एका कपड्यांच्या दुकानात कामाला होता. सकाळी दहा ते रात्री नऊ उभे राहून तो घरी जाई आणि जिन्यातल्या दिव्याखाली लिही. त्याची नव्वद पाने झाली. मोजणीत तो हरला, पण आमच्या पाचांत सर्वांत जिवंत पाने त्याचीच आहेत. दिवसभर साड्या उलगडून दाखवणारा आणि न विकल्या गेलेल्या साड्यांच्या पुन्हा घड्या घालणारा त्याचा नायक आम्ही कोणीच लिहू शकलो नसतो. तेव्हा माप हे स्वतःला लावण्यासाठी असावे. दुसऱ्याशी तुलना करायला ते वापरले, की उपक्रमाची शर्यत होते आणि शर्यतीत ज्याच्याकडे टेबल आहे तोच पुढे जातो.

म्हणून आपल्या वाङ्मय मंडळापुढे मी एक सूचना ठेवते. दर वर्षी मे महिन्यात महाविद्यालयाने असा उपक्रम घ्यावा. त्याला पारितोषिक नको, क्रमांक नको, पाहुण्यांचे भाषणही नको. हवी आहे ती प्रत्येकाला एक दोनशे पानी कोरी वही आणि वाचनालयाची खोली रात्री नऊपर्यंत उघडी. ज्याला घरी बसायला जागा नाही, त्याला चार फूट बाक आणि वर पंखा मिळाला तरी पुष्कळ झाले. आठवड्यातून एकदा सर्वांनी जमावे आणि ऐकावे. ज्याची वीस पाने झाली, त्याची वीस पाने ऐकावीत.

या वह्यांतून मोठा कादंबरीकार निघेलच, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. माझी दोनशे पाने आज छापण्याजोगी नाहीत आणि त्यांतली पहिली साठ-सत्तर तर मी काढूनच टाकणार आहे. पण उरलेल्या पानांत आमच्या खोलीतल्या अठरा ताटांचा हिशोब आहे, तीन पाळ्यांचा स्वयंपाक आहे आणि दोन पाटल्या आहेत. ज्यांच्या घरात आजवर पुस्तक लिहिणारा कोणी झाला नाही, अशा माझ्या मित्रमैत्रिणींना माझे सांगणे आहे की, मे महिना दूर नाही. वही आजच आणून ठेवा, आणि घरात जे सर्वांत वयस्कर माणूस असेल त्याच्याशेजारी आजपासूनच बसायला लागा.