वेष्टनाचा हिशेब

हिंसेचे दायित्व केवळ ती करणाऱ्यापुरते नसते, ही जैन आचाराची शिकवण आहे. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि ज्यास आपण संमती दिली ते, हे तिन्ही कर्मबंधाचे कारण होते. प्लास्टिकच्या बाबतीत मात्र आपण पिशवी रस्त्यावर टाकणाऱ्यासच दोष देतो. ती बनविणारा आणि तिच्यात माल भरून देणारा हिशेबाबाहेर राहतो.

हा हिशेब पुरा व्हावा म्हणून अमेरिकेतील ज्युडिथ एंक यांचा दीर्घ उद्योग चालू आहे. महाविद्यालयीन वयातच त्यांनी न्यूयॉर्क राज्याच्या बाटली-अनामत कायद्यासाठी काम केले. १९८२ साली तो संमत झाला. पेयाच्या बाटलीमागे ग्राहक पाच सेंट अनामत भरतो व रिकामी बाटली परत करताच ती रक्कम मिळवितो. बाटल्या परत घेण्याच्या श्रमापोटी दुकानदारास आज प्रत्येकी साडेतीन सेंट मिळतात. कचऱ्याच्या खर्चाचा काही भाग असा माल विकणाऱ्यांच्या खात्यावर आला.

२००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी एंक यांना केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेच्या विभागीय प्रशासकपदी नेमले. अशा पदानंतर विश्रांती घेतली असती तरी कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी २०१९ मध्ये बेनिंग्टन महाविद्यालयात ‘बियाँड प्लास्टिक्स’ ही संस्था स्थापन करून प्लास्टिकचा प्रश्न हाती घेतला. अमेरिकेत जेमतेम पाच-सहा टक्के प्लास्टिकचेच पुनर्चक्रीकरण होते, असे या संस्थेच्या २०२२ च्या अहवालात नमूद आहे. प्लास्टिकचे प्रकार, रंग व त्यांत मिसळलेली रसायने इतकी भिन्न असतात की ते सर्व एकत्र वितळविता येत नाही. म्हणून वेष्टन मुळातच कमी करावे, हा त्यांचा आग्रह आहे.

बारा वर्षांत वेष्टन तीस टक्क्यांनी घटविण्याचे विधेयक न्यूयॉर्कच्या सिनेटने २०२४ व २०२५ मध्ये संमत केले. दोन्ही वेळा कनिष्ठ सभागृहात ते मतास आलेच नाही. पहिल्या अपयशानंतर दुसऱ्या वर्षी एंक त्याच आग्रहाने पुन्हा उभ्या राहिल्या.

आपल्या राज्यात २०१८ पासून, तर देशभर १ जुलै २०२२ पासून काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. तथापि बंदीच्या यादीत नसलेले वेष्टन आपल्या दुकानांतून रोज जाते. ते ग्राहक ठरवीत नाही. उत्पादक आणि व्यापारी ठरवितात. मागणी नोंदविताना आपण मौन राखले, तर ते अनुमोदनच होय. घाऊक खरेदीदाराचा शब्द उत्पादक ऐकतो, कारण त्यामागे रक्कम असते.

येत्या दिवाळीत वहीपूजनानंतर नव्या वहीचे एक पान वेष्टनासाठी राखावे. दरमहा किती किलो प्लास्टिक दुकानात आले, किती ग्राहकांबरोबर गेले आणि किती परत घेतले, हे तीन आकडे त्यावर लिहावेत. वर्षअखेर ते पान कुटुंबातील तरुणांसमोर उघडावे आणि पुढील वर्षी कोणता आकडा किती कमी करायचा, हे सर्वांनी मिळून ठरवावे.