‘हजारो वर्षांचा’ आयरिश बँड : एका सोयीस्कर दंतकथेची चिकित्सा

१/ डब्लिनच्या एखाद्या पबमध्ये फिडल, बासरी, अ‍ॅकॉर्डियन, बूझूकी आणि बौरान घेऊन पाच-सहा वादक गोल करून बसतात. त्या चित्रफितीखाली हमखास एक ओळ असते : ‘हजारो वर्षांची केल्टिक परंपरा’. हे विधान असत्य आहे. शिवाय ते निरुपद्रवीही नाही, कारण ज्या माणसांनी हे समूहवादन घडवले त्यांचीच नावे ते पुसून टाकते.

२/ प्रथम वाद्ये पाहावीत. फिडल म्हणजे व्हायोलिनच. ते युरोपातून आले. कोपराने भाता दाबून वाजवले जाणारे इलन पाइप्स अठराव्या शतकात आकाराला आले. अ‍ॅकॉर्डियनचे पेटंट सिरिल डेमियन यांनी १८२९ मध्ये व्हिएन्नात घेतले. कॉन्सर्टिना इंग्रज संशोधक चार्ल्स व्हीटस्टन यांची. बँजोचे मूळ अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वाद्यांत आहे. बूझूकी तर ग्रीसची. जॉनी मॉयनिहन यांनी ती या संगीतात आणली ती १९६० च्या दशकात.

३/ चालींचेही तेच. आज सर्वाधिक वाजणारा ‘रील’ हा प्रकार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडहून येऊन रुजला. पोल्का एकोणिसाव्या शतकात बोहेमियातून निघून युरोपभर पसरला आणि कॉर्क-केरीच्या सीमाभागात असा मुरला की तेथील लोकांना तो परका वाटेनासा झाला. ज्याला ‘शुद्ध’ म्हटले जाते, ते अनेक बंदरांवरून उतरलेले आहे.

४/ मग खरोखर जुने काय होते? धातूच्या तारांची हार्प. तिचे वादक सरदार घराण्यांच्या आश्रयाने राहत. १३६६ च्या किल्केनीच्या कायद्याने इंग्रज वसाहतवाल्यांना आयरिश कलावंतांना थारा देण्यास मनाई केली होती. म्हणजे या कलेचा मोह राज्यकर्त्यांनाही पडत होता. पण ही मुख्यतः एकल वादनाची, दरबारी परंपरा होती. अंध वादक-रचनाकार टर्लो ओ’कॅरोलन (१६७०–१७३८) हे तिचे अखेरचे मोठे नाव.

५/ जुलै १७९२ मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा मेळा भरला, तेव्हा उरलेले जेमतेम दहा आयरिश वादक आले. त्यांच्या चाली टिपून घेण्याचे काम एकोणीस वर्षांच्या एडवर्ड बंटिंगकडे होते. जुन्या पद्धतीने लांब नखांनी तारा छेडणारा वादक त्यांत एकच उरला होता : वयोवृद्ध डेनिस हेम्पसन. ही धारा तेथे जवळजवळ आटली. पबमधला बँड तिचा थेट वारस नाही.

६/ खेड्यातले नृत्यसंगीत वेगळे होते. शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात एखादा फिडलवादक किंवा पाइपर बसे आणि सारी वाडी नाचे. हे संगीत एकाच सुरावटीचे असते. आठ मात्राखंडांचा पहिला भाग दोनदा, तसाच दुसरा भाग दोनदा, आणि पुन्हा आरंभ. सौंदर्य असते ते वादकाने सुरांना दिलेल्या वळणांत, हरकतींत. एकटा वादक येथे परिपूर्ण असतो. संगीताला बँडची गरज नव्हती. ती गरज इतिहासाने निर्माण केली.

७/ १८४५ ते १८५२ च्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्यांच्यासोबत चालीही गेल्या. कॉर्कमध्ये जन्मलेले फ्रान्सिस ओ’नील शिकागोचे पोलीसप्रमुख झाले आणि स्थलांतरितांकडून चाली गोळा करीत राहिले. १९०३ मध्ये त्यांनी १८५० चालींचा संग्रह छापला. आयर्लंडमधील वादकांनी आपलेच संगीत पुढे या शिकागोच्या पुस्तकातून शिकले.

८/ ‘केली’ या नावाने पहिला सार्वजनिक नृत्यसमारंभ कोठे झाला? ३० ऑक्टोबर १८९७ रोजी, लंडनमध्ये. तो गेलिक लीगने भरवला होता. स्वयंपाकघरातून नाच मोठ्या सभागृहात आला आणि एक व्यावहारिक अडचण उभी राहिली : ध्वनिवर्धक नाही आणि शेकडो पावलांचा दणदणाट. एक फिडल त्यात बुडून जाणार. म्हणून अनेक फिडल, बासऱ्या व अ‍ॅकॉर्डियन एकाच सुरावटीत. खर्जासाठी पियानो, ठेक्यासाठी ड्रम. हाच केली बँड. त्याचा जन्म ऐकू येण्याच्या गरजेतून झाला.

९/ १ जानेवारी १९२६ रोजी डब्लिनचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याचे पहिले संचालक शेमस क्लँडिलन स्वतः गायक होते. केली बँडांना तेथे व्यासपीठ मिळाले. दुसरीकडे स्लायगोहून १९१४ मध्ये अमेरिकेला गेलेले मायकेल कोलमन न्यूयॉर्कमध्ये तबकड्या मुद्रित करीत होते. त्या तबकड्या मायदेशी परतल्या आणि त्यांच्या प्रभावापुढे अनेक गावांच्या स्थानिक शैली फिक्या पडल्या. ‘अस्सल आयरिश’ आवाजाचा मानदंड न्यूयॉर्कहून आला.

१०/ आता दंतकथेला सर्वांत गैरसोयीचा भाग. ‘इंग्रजांनी हे संगीत मारले’ असे सांगितले जाते. परकी राजवटीचे अपराध मोठेच आहेत. पण घरगुती नाच मोडून काढले ते स्वतंत्र आयर्लंडच्या धर्मसत्तेने आणि राज्यसत्तेने. १९२५ मध्ये कॅथलिक बिशपांनी नाचांविरुद्ध निवेदन काढले. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नृत्यास न्यायालयाचा परवाना सक्तीचा केला, आणि पाद्री व पोलीस यांनी घराघरांतील नाचांवरही त्याचा बडगा उगारला.

११/ कायदा एकटा दोषी होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. दारिद्र्य आणि स्थलांतर यांनीही खेडी ओस पाडली. तरीही क्लेअरचे फिडलवादक ज्युनिअर क्रेहन यांनी उतारवयात याच काळाची खंत सांगून ठेवली आहे : नाच बंद झाले, तसे वादकही अबोल झाले आणि परदेशी निघून गेले. ‘अखंड परंपरा’ म्हणणाऱ्यांना ही खंत ऐकूच येत नाही.

१२/ पबमधली बैठक तरी पुरातन असेल? तीही नाही. तिचे आजचे रूप घडले ते दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या कॅम्डन टाउनसारख्या वस्त्यांत, बांधकामावर राबणाऱ्या आयरिश मजुरांमध्ये. भाड्याच्या खोलीत वाद्य वाजवता येत नसे, म्हणून पब. त्या लंडनमध्ये केरीच्या फिडलवादक ज्युलिया क्लिफर्डही वाजवीत होत्या. ‘प्राचीन केल्ट योद्ध्यां’च्या गोष्टीत या मजुरांना जागा नाही, आणि स्त्रियांना तर नाहीच.

१३/ १९५१ मध्ये कोल्टस ही वादकांची संघटना स्थापन झाली आणि मुलिंगारला पहिला महोत्सव भरला. १९६० च्या सुमारास शॉन ओ रिआडा यांनी केली बँडांवर सडकून टीका करीत स्वतःचा वेगळा समूह उभारला. गंमत अशी की, या नव्या समूहात हार्पसिकॉर्ड होते, आणि तोवर मुख्यतः २६ डिसेंबरच्या ‘रेन’ पक्ष्याच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या बौरानला त्यांनी मंचावर आणले. १९६२ मध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांतून पॅडी मोलोनी यांचा ‘द चीफ्टन्स’ उभा राहिला. १९७० च्या दशकात ‘प्लँक्स्टी’ आणि ‘द बॉथी बँड’ आले.

१४/ येथे दुसरा पक्ष उडी घेतो : ‘म्हणजे सारे बनावटच!’ हा निष्कर्षही तितकाच उथळ आहे. दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच : जुने तेवढे खरे. पण परंपरा म्हणजे वय नव्हे. एकाने दुसऱ्याला समोर बसवून दिलेली विद्या म्हणजे परंपरा. शिकणारा कानाने चाल उचलतो, तिला आपली वळणे देतो आणि पुढच्याच्या हाती सोपवतो. ही देवघेव प्रत्यक्ष घडली आहे आणि आजही घडते.

१५/ मराठी वाचकाला यासाठी दूर जायला नको. अ‍ॅकॉर्डियनच्याच कुळातली युरोपीय पेटी मराठी संगीत नाटकात आणि भजनात इतकी रुळली की तिच्यावाचून ती सुनी वाटतील. तरी ‘परकी’ ठरवून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिला दार बंद केले, ते सुमारे तीन दशके. शुद्धतेच्या पहारेकऱ्यांनी तेव्हा संगीत वाचवले नाही. केवळ वादकांचे नुकसान केले.

१६/ म्हणून त्या चित्रफितीखालची ओळ बदलायला हवी. ‘हजारो वर्षांची परंपरा’ ही स्तुती वाटते, पण ती चोरी आहे. दुष्काळातून निसटलेले, शिकागोत चाली जमवणारे, न्यूयॉर्कमध्ये तबकड्या भरणारे, लंडनमध्ये दिवसभर विटा वाहून रात्री फिडल हाती घेणारे : त्यांच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या कष्टांचे श्रेय ती निनावी पूर्वजांना बहाल करते. या संगीताचा खरा इतिहास लहान आहे, आणि दंतकथेहून कितीतरी मोठा आहे.