नसबंदी हवी, संशोधक नकोत

जुन्नर-आंबेगावात कुठल्याही ग्रामसभेत जाऊन बसा. बिबट्याचा विषय निघाला की लगेच नसबंदीची मागणी होते. आमदार मागतात, सरपंच मागतात, मंचरला पुणे-नाशिक महामार्गावर ठिय्या देणारे शेतकरीही मागतात. 2025 च्या अखेरीस केंद्रानेही जुन्नर वनविभागात मोजक्या माद्यांवर हा प्रयोग करून पाहायला परवानगी दिली. मागणीमागचं दुःख खरं आहे. रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाच्या भीतीवर शंका घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. माझा राग वेगळ्यासाठी आहे. बिबट्याची नसबंदी म्हणजे प्रजनन जीवशास्त्राचं काम, आणि त्याच विषयात पीएचडी करू पाहणाऱ्या इथल्या मुलामुलींची वाट आपणच अडवून ठेवली आहे.

मी प्राणिशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात नारायणगाव, ओतूर, घोडेगाव, कळंबची मुलं बसतात. ऊसतोडीच्या वेळी फडात सापडलेली बिबट्याची पिल्लं त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. एम.एस्सी. झालेली मुलगी म्हणते, मॅडम, मला बिबट्याच्या प्रजननावर काम करायचंय. मग तिचे हाल सुरू होतात. प्रवेश परीक्षा ती पास होते, पण गाइड मिळत नाही. नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाकडे एका वेळी चार, सहयोगीकडे सहा आणि प्राध्यापकाकडे आठ विद्यार्थी. त्यांत वन्यप्राण्यांच्या प्रजननावर काम करणारा गाइड शोधून सापडत नाही. जो भेटतो तो सांगतो, धरणातले प्लवक मोज, मासे घे, तीन-चार वर्षांत मोकळी होशील. घरी तर ‘प्रजनन’ हा शब्द पाहुण्यांसमोर उच्चारायचीही चोरी.

बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे परवानग्या कडक असणारच, आणि त्या असाव्यातही. पण अर्जावर होय किंवा नाही हे उत्तर वेळेत मिळायला काय हरकत आहे? फेलोशिपचं घड्याळ तर परवानगीची वाट पाहतानाही चालूच असतं.

2023 च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात राज्याच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं होतं की, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार? त्याचं उत्तर जुन्नरमध्येच लिहून ठेवलेलं आहे. 2001 नंतर इथले बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लागला. वन्यजीव संशोधक डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे त्याचा हिशेब मांडला. आधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत होते, स्थलांतराच्या काळात ते सतरावर गेले. उपाय आधी केला, अभ्यास नंतर झाला, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. आता नसबंदीच्या बाबतीत आपण पुन्हा तेच करायला निघालो आहोत.

लस टोचली, प्रश्न मिटला, असं भाषणात सांगतात. कुठली लस? डुकराच्या अंडाशयातल्या प्रथिनापासून केलेली पीझेडपी लस अमेरिकेतल्या रानघोड्यांवर आणि दक्षिण आफ्रिकेतल्या हत्तिणींवर चालली. मांजरांवरच्या चाचण्यांत तिने गर्भधारणा रोखली नाही, आणि बिबट्या मांजरकुळातला आहे. परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांत मोठ्या मांजरांना कृत्रिम प्रोजेस्टिनची इम्प्लांट्स दिली गेली, तेव्हा गर्भाशयाचे आणि स्तनग्रंथींचे कर्करोग मागे लागले. डेस्लोरेलिन हे दुसरं इम्प्लांट सिंह-चित्त्यांवर बरं ठरलं, पण त्याचा परिणाम ओसरतो. म्हणजे तीच मादी उसातून पुन्हा पकडा, पुन्हा भूल द्या. शस्त्रक्रिया केली तर परिणाम कायमचा, पण त्यासाठी मादी पिंजऱ्यात यायला हवी. शिवाय नसबंदी झालेली मादी दुसऱ्या दिवशीही शेळी आणि कुत्रं उचलतेच. संख्या कमी व्हायची तर माद्यांचा मोठा हिस्सा या उपायाखाली यावा लागेल आणि परिणाम दिसायला वर्षं जातील, हे गावाला कुणी सांगत नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मादी साधारण तीन महिने गाभण असते आणि बहुधा दोन-तीन पिल्लं देते. पिल्लं दीड-दोन वर्षं आईजवळ राहतात, आणि तोवर ती सहसा पुन्हा माजावर येत नाही. फडातून पिल्लं उचलून नेली आणि आईकडे परत पोचवली नाहीत तर ती लवकर माजावर येते. नर पकडून नेला तर त्याच्या जागी आलेला नवा नर आधीची पिल्लं मारू शकतो, आणि मादी पुन्हा लवकर वितेही. म्हणजे घाईने लावलेल्या पिंजऱ्यांनी पैदास वाढण्याचा धोका आहे. इथल्या उसात तो किती आहे, मादी पहिल्यांदा कितव्या वर्षी विते, दोन वितांत अंतर किती, किती पिल्लं जगतात, हे इथेच मोजावं लागेल. आफ्रिकेतले आकडे कुकडीच्या पाण्यावरच्या उसाला लागू पडतील असं गृहीत धरणं हा अडाणीपणा आहे.

आणि मोजायला जुन्नरइतकी चांगली जागा देशात कुठे आहे? माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात कुठली मादी कुठल्या पिंजऱ्यात हे ठाऊक, विष्ठा रोज हाताशी. त्या विष्ठेतल्या हार्मोनच्या अंशांवरून, प्राण्याला हातही न लावता, मादी माजावर आहे की गाभण हे ओळखता येतं. आधी पिंजऱ्यातल्या माद्यांवर चाचणी पक्की करायची, मग तीच उसातल्या माद्यांसाठी वापरायची. त्यासाठी हवी एक छोटी प्रयोगशाळा, वीज न जाणारा फ्रीजर आणि पाच-सहा संशोधक. हैदराबादच्या लॅकोन्स प्रयोगशाळेत 2006 साली कृत्रिम रेतनाने चितळाचं पाडस जन्माला आलं. तिथे हे ज्ञान आहे. परळच्या राष्ट्रीय संस्थेत माणसाच्या प्रजननावरचं ज्ञान आहे. आमच्या मुलांना तिथवर नेणारा करार कुणी करत नाही.

पैशांचं रडगाणं कुणी गाऊ नये. यूजीसीची फेलोशिप 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये आहे. पाच वर्षांचे घरभाडं सोडून 24 लाख होतात. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला की सरकार घरच्यांना 25 लाख देतं, आणि ते द्यायलाच हवेत. पण एका मृत्यूच्या भरपाईच्या आसपासच्या पैशांत एक संशोधक उभा राहतो, तरी त्याची फेलोशिप महिनोन्महिने थकते आणि मुलांना रस्त्यावर बसावं लागतं. हे अक्षम्य आहे.

म्हणून आमदारांकडे माझं मागणं स्पष्ट आहे. नसबंदीच्या प्रत्येक निवेदनात माणिकडोहच्या प्रयोगशाळेची मागणीही घाला. जुन्नर-आंबेगावच्या मुलामुलींसाठी या विषयातल्या पीएचडीच्या जागा आणि वेळेवर फेलोशिप मागा. आणि ज्या मोजक्या माद्यांवर आता प्रयोग व्हायचा आहे, त्यांचे नमुने पुढची पाच वर्षं कोण गोळा करणार, कोण तपासणार आणि निष्कर्ष मराठीत कधी जाहीर करणार, हे पहिली सुई टोचण्याआधी ग्रामसभेत लेखी सांगा.