डागडुजीचा हक्क

घराची डागडुजी ही वरवर पाहता खासगी बाब वाटते. परंतु कोणते जुने घर जपले जावे आणि कोणते राहणाऱ्यांच्या अंगावर कोसळावे, हे बव्हंशी समाजरचनाच ठरवीत असते.

अलिबाग तालुक्यातील किहीम, मांडवा या किनाऱ्यांवर मुंबईच्या धनिकांनी जुनी घरे घेऊन ती हौसेने सजविली आहेत. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नव्या बांधकामास बंदी केली, परंतु असलेल्या अधिकृत घराच्या दुरुस्तीस मुभा ठेवली. साहजिकच जुन्या घराचे मोल वाढले. जांभ्याच्या भिंतीत ओल कोंडू नये म्हणून तिला सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा द्यायचा, मंगलोरी कौले उतरवून पुन्हा शाकारायची, खाऱ्या वाऱ्याने गंजणारे लोखंड टाळून सागवान आणि पितळ वापरायचे, असे हे काम. त्यात गवंडी आणि सुतार यांचे पिढीजात कसब आहे. जुने जपणे हा काही गुन्हा नव्हे.

प्रश्न असा की, सुट्टीच्या चार दिवसांच्या घराला मिळणारी ही काळजी बारमाही राहणाऱ्यांच्या घराला का मिळत नाही? त्या बंगल्यांतील पडद्यांचे कापड कदाचित भिवंडीच्या यंत्रमागावर निघालेले असेल. त्याच भिवंडीत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि झोपेत असलेली ३५ हून अधिक माणसे दगावली. इमारत १९८४ ची, म्हणजे अवघ्या ३६ वर्षांची होती.

कायदा नाही असे नव्हे. घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ सांगतो. मालकाने हयगय केल्यास भाडेकरूने १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नसावी! एवढ्या रकमेत छताची गळती थांबेल, पण खचलेला खांब सावरणार नाही. शिवाय पाळीपाळीने एकाच खोलीत झोपणाऱ्या परप्रांतीय कामगाराचे नाव भाडेपावतीवर असतेच कुठे?

मुंबई शहरात जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमण्याचा कायदा १९६९ साली झाला. तो पुरेसा ठरला नाही हे खरे, पण दुरुस्ती ही सार्वजनिक जबाबदारी आहे हे तत्त्व त्याने मान्य केले. भिवंडी त्या कक्षेबाहेरच राहिली.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: भिवंडीसाठी असाच दुरुस्ती निधी उभारावा आणि रिकामे करण्याच्या नोटिशीबरोबरच पर्यायी निवारा द्यावा. पर्यायाविना दिलेली नोटीस म्हणजे प्रशासनाने स्वतःपुरती केलेली सुटका होय. कार्यकर्त्यांनी इमारतवार फिरून पावती नसलेल्या रहिवाशांचीही नोंद करावी. ज्यांची नावे कोणत्याच कागदावर नाहीत, त्यांची मोजदाद ढिगारा उपसतानाच व्हावी, ही स्थिती कोणत्याही सुसंस्कृत समाजाला लांच्छनास्पद आहे.