पाणी दिसतं तिथून येत नाही!

मराठी विभागासाठी लिही, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी जरा घाबरलेच. शिक्षण कॉन्व्हेंटचं, मराठी घरात बोलण्यापुरतं. तेव्हा चूकभूल द्यावी-घ्यावी! विषय आहे होडीत शिरणारं पाणी. हसू नका. नागपूरला समुद्र नसला तरी तलाव आहेत, आणि मी एनसीसीच्या नौदल विभागात आहे.

आमची एक फायबरची होडी. रोज सकाळी तिच्या पुढच्या टोकाला चार-पाच मग पाणी साचलेलं. कुठून येतं, कळेना. मग कोणाला तरी आठवलं की गोंदियाच्या एका ज्युनियरनं होडी घाटाच्या पायरीला ठोकली होती. झालं! हिनंच फोडली, असा निकाल लागला आणि पाणी उपसायचं काम तिच्याकडे. "मी नाही केलं ना ताई," ती म्हणायची. निकाल देणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होते. दोन रविवार खर्चून आम्ही पुढच्या भागाला इपॉक्सी लिंपली. सोमवारी पाणी तेवढंच!

शेवटी आमचे इन्स्ट्रक्टर आले, मूळचे मालवणचे. म्हणाले, "पाणी दिसतं तिथूनच येतं, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

पहिला प्रश्न, पाणी कुठलं? समुद्रात बोट बुडवून चाखायचं. खारट असेल तर बाहेरचं, गोड असेल तर पावसाचं किंवा आपल्याच टाकीचं. तलावात चव कामाची नाही, म्हणून रात्रभर ताडपत्री टाकली. तरी पाणी आलं. म्हणजे पाऊस नाही. दुसरा प्रश्न, केव्हा येतं? होडी नुसती बांधलेली असतानाही येत होतं. म्हणजे भोक पाण्याच्या पातळीखाली. मग होडी काठावर घेऊन टेकूंवर ठेवली, बाहेरून कोरडी पुसली आणि आत थोडं थोडं पाणी ओतलं. गळती शोधायला होडीतच पाणी भरायचं, गंमत आहे की नाही?

थेंब दिसला तो मागच्या टोकाला, सुकाणूच्या बोल्टपाशी! तिथलं सीलंट वाळून तडकलं होतं. होडी पुढे जरा झुकलेली, म्हणून पाणी तळफळ्यांखालून वाहत पुढे जमायचं. बोल्ट काढला, जागा साफ करून सुकवली, नवीन सीलंट भरून आवळला. दुसऱ्या दिवशी होडी कोरडी ठण्ण.

इन्स्ट्रक्टर सरांनी तेव्हा दिलीप दोंदेंचं उदाहरण दिलं. २००९-१० मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ही नौका गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली आणि त्या बांधणीत दोंदे स्वतः गुंतलेले होते. भर समुद्रात मेकॅनिक कुठून बोलावणार? तिथे नौकेचा बोल्टन् बोल्ट माहीत हवा. 'कोणी केलं?' विचारायला तर दुसरं कोणी नसतंच!

आपल्याकडे मात्र तोच प्रश्न पहिला. हॉस्टेलच्या भिंतीला ओल आली, की वरच्या रूमवाल्यांना शिव्या आणि भिंतीला रंग. पावसाळ्यात ओल पुन्हा हजर. कोणी म्हणेल, शोधत बसायला वेळ कोणाला आहे बाप्पा? आम्हाला शोधायला एक रात्र नि एक दिवस लागला. लिंपण्यात दोन रविवार गेले होते. मला वाटतं, इंजिनिअरनं कारण सापडेपर्यंत लिंपूही नये आणि कोणाला दोषही देऊ नये. इपॉक्सी खरवडून काढता येते. माणसाला लावलेला ठपका इतक्या सहज निघत नाही.

मी त्या ज्युनियरला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "ताई, तेव्हा एकदा तरी मागं जाऊन बघायचं होतं."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं.